अठरा पौंड हवा

वऱ्हाडात टायरची हवा मीटर ठरवत नाही, अंगठा ठरवतो. वलगाव रोडवरच्या माझ्या दुकानात येणारं निम्मं गिऱ्हाईक आधी टायर अंगठ्यानं दाबतं, मग त्याला एक लाथ घालतं, आणि मी मीटर दाखवला तरी म्हणतं, "अजून चार पौंड मार, बाई." संत्र्याची गाडी असो, कापसाची असो, नाहीतर सेमाडोहला पर्यटक नेणारी जीप असो, टायर दगडासारखा लागला पाहिजे. माल भरताना इथं कोणी वजन विचारत नाही. मग हवा कडक ठेवणं एवढाच काय तो विमा. मऊ टायर घेऊन रस्त्यावर निघणं म्हणजे सदऱ्याची बटणं न लावता लग्नाला जाणं. सुरुवातीला मी वाद घालायची. आता घालत नाही. कंपनीनं सांगितलेल्या आकड्यापेक्षा फार वर जात नाही, आणि ज्याला त्याहून जास्त हवी त्याला पुढच्या दुकानात पाठवते.

दुकान वडिलांचं. त्यांच्यानंतर मी चालवते. नवरा शिक्षक आहे, त्याला नटबोल्टात रस नाही आणि मला त्याच्या पेपरांत नाही, त्यामुळे आमचं बरं चालतं. नवीन गिऱ्हाईक विचारतं, "मालक कुठी हायेत?" मी म्हणते, "पुढं उभे हायेत," आणि जॅक लावते.

ही गोष्ट माझ्या भाचीच्या टायरांची. धाकटी बहीण अकोल्याजवळच्या एका गावात दिलेली आहे. सासरचे लोक भाजी पिकवतात. वांगी, मिरची, फुलकोबी आणि मुख्य म्हणजे सांभार, ज्याला पुण्याकडे कोथिंबीर म्हणतात. जवाई, म्हणजे बहिणीचे यजमान, स्वतः पिकअप भरून पहाटे मंडईत नेतात. त्यांची मुलगी डिप्लोमा करून अकोल्यातल्या एका गॅरेजात लागली. गॅरेजच्या मालकाला ड्रॅग रेसचं वेड. सरळ पट्टी, दोन गाड्या, हिरवा दिवा लागला की सुटायचं आणि पाव मैलावर घड्याळ थांबतं. वळण नाही, घाट नाही. ज्यानं शंकरपट पाहिला आहे त्याला याहून जास्त समजावावं लागत नाही. बैलजोडीच्या जागी इंजिन, एवढाच फरक.

मालकानं एक जुनी सेडान त्यासाठी तयार केली होती. आतल्या सीट काढल्या, गालिचा काढला, इंजिनावर बरंच काम केलं. त्यातलं निम्मं काम भाचीच्या हातचं. गाडी मालक स्वतःच चालवायचा, पण पाठीनं साथ सोडली तेव्हा डॉक्टरांनी बंद करायला लावलं. आता गाडी कोण चालवणार, हा प्रश्न आला. गॅरेजात दोघं तयार होते. एक तिथला जुना मेस्त्री, दुसरी माझी भाची. मालकानं सरळ तोड काढली. हंगामाच्या पहिल्या मेळाव्यात दोघांनी त्याच गाडीवर दोन-दोन फेऱ्या मारायच्या. ज्याची वेळ कमी, त्याच्याकडे वर्षभर गाडी. टायर ज्यानं त्यानं आपल्या पसंतीचे लावायचे.

एका रविवारी दुपारी भाची गाडी ट्रकवर घालून अमरावतीला माझ्या दुकानात आली. चहा घेतला नाही, बसली नाही.

"मावशी, मले टायर पायजे."

पाहिजे होते स्लिक. स्लिक म्हणजे नक्षी नसलेला टायर. माझ्याकडे गुळगुळीत टायर घेऊन जो येतो तो बदलायला येतो. पैसे मोजून गुळगुळीत टायर विकत घेणारी ही पहिलीच. पण कोरड्या पट्टीवर नक्षीचं काम नसतं. जितकं रबर जमिनीला लागेल तितकी पकड. आणि या गाडीची सगळी ताकद पुढच्या चाकांना जाते, म्हणून स्लिक पुढंच लागणार. मागची चाकं नुसती घरंगळत यायची.

मी विचारलं, मेस्त्री काय लावतो. तो नायलॉन लावत होता. आमच्या धंद्यात तिरप्या दोऱ्यांच्या जुन्या बांधणीच्या टायरला नायलॉन म्हणतात. ट्रॉलीवाले अजून तोच मागतात. त्याची बाजू वाकते, सुरकुतते, धक्का पोटात घेते. मेस्त्री इंजिन गरगरवून क्लच दणकन सोडायचा. चाक घसरायचं, पुन्हा पकडायचं आणि गाडी निघायची. नायलॉन ते सहन करतं.

"अन् तू कशी सोडतं?"

"मले तसं जमत नाई. माझा पाय हळू सुटते. म्हणून मी सुटतानाच मागं राहाते."

ते ती कमीपणा सांगितल्यासारखं म्हणाली. गॅरेजात तिला वर्षभर त्यावरून टोमणे बसले असावेत. मी तिला गाडीत बसवलं आणि दुकानासमोरच्या मोकळ्या जागेत चार-पाच वेळा गाडी जागेवरून उचलायला लावली. मी गाडी पाहिली नाही, पुढची चाकं पाहिली. प्रत्येक वेळी ती सारखीच फिरली. कधी जास्त नाही, कधी कमी नाही. असा पाय मी फार थोड्या ड्रायव्हरांचा पाहिला आहे.

मी म्हटलं, टायर चपलेसारखा पायाप्रमाणे घ्यायचा, शेजाऱ्याची पाहून नाही. तुला रेडियल स्लिक लागेल. रेडियलचा पट्टा सपाट राहतो, पूर्ण रुंदीनं जमिनीवर बसतो, गाडीची ताकद कमी खातो आणि वेगात फुगत नाही. पण त्याचा एक स्वभाव आहे. नायलॉन घसरलं तरी पुन्हा धरतं. रेडियल धरलं तर घट्ट धरतं, आणि एकदा सुटलं की सुटलं. पाय उचलल्याशिवाय परत येत नाही. म्हणजे फेरी गेली.

ती म्हणाली, "चालते. मी सोडतच नाई तं थे कायले सुटीन?"

रेडियल ठरलं तरी उंची ठरायची होती, आणि ते जास्त कटकटीचं निघालं. आधीच्या टायरवर शेवटची रेघ यायच्या जरा आधी चौथा गिअर टाकावा लागायचा, आणि गिअर बदलण्यात वेळ जातो. टायर थोडा उंच घेतला तर तिसऱ्यातच रेघ ओलांडता येते, पण मग सुटताना गाडी जड वाटते. भाची मोबाइलवर गणितं करत बसली. मी फळीवर खडूनं दोन गोल काढले. शेवटी मधला आकार धरला आणि आमच्या रिमच्या रुंदीला बसेल असाच घ्यायचा ठरवला. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याची मधली कमान वर येते आणि कडा जमिनीला लागत नाहीत. मग रुंद घेऊन उपयोग काय?

टायर कोइमतूरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडून मागवले. आल्यावर मी आधी बाजूवरचे चार आकडे वाचले. त्यात कितव्या आठवड्यात, कोणत्या वर्षी टायर बनला ते असतं. मग रबरात नख रुतवून पाहिलं. नख रुतलं, खूण राहिली, हळूहळू भरून आली. ताजं रबर. दुकानातल्या माझ्या माणसानं दोन्ही टायर फिरवून पाहिले आणि विचारलं, "बाई, हे आधीच घासून आले का?"

मेळाव्याला अजून वेळ होता. दुकानावर पत्रा आहे, होळीच्या आधीही दुपारी आत तवा तापतो, शिवाय वेल्डिंग चालू असतं. असं रबर तिथं ठेवलं तर कडक होतं. मी ते काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून घरी नेले आणि दिवाणाखाली सरकवले, लोणच्याच्या बरण्यांशेजारी. दोन-तीन दिवसांनी नवऱ्यानं विचारलं, वास कसला येतो. मी म्हटलं, टायर आहेत. तो पुन्हा वर्तमानपत्र वाचायला लागला.

टायर चढवताना भाची अकोल्याहून आली. साबणाचं पाणी लावून चढवले, आवाज होऊन कडा बसल्या. मी टायर आणि रिम दोन्हींवर मिळून पिवळ्या खडूची एक आडवी रेघ मारली. हवा कमी असली आणि ओढ जोराची असली की टायर रिमवरच फिरतो, मग ती रेघ तुटलेली दिसते. नंतर गाडी अलाइनमेंटवर घेतली. रस्त्यावरच्या गाड्यांची चाकं किंचित कललेली असतात, वळणावर बरं म्हणून. इथं वळणच नाही. चाकं सरळ उभी केली, म्हणजे रबर कडेपासून कडेपर्यंत लागेल. पुढची तोंडं केसभर बाहेर ठेवली, कारण जोर आला की ती आपणच आत ओढली जातात. मागं अरुंद रेडियल लावून चाळीस पौंड हवा भरली. मागची स्प्रिंग तिनं आधीच कडक केली होती. सुटताना गाडी मागं बसली की पुढचं वजन उचललं जातं आणि पुढची चाकं मोकळी फिरतात.

राहिली पुढची हवा. ती कागदावर ठरत नाही, जमिनीवर ठरते. जवाईंच्या ओळखीनं नव्या भाजी बाजाराचं आवार मिळालं. काँक्रीट झालेलं होतं, गाळे अजून उघडले नव्हते. जवाई आले, फाटक उघडून दिलं आणि त्यांचा माल थांबला होता म्हणून लगेच गेले. आम्ही चोवीस पौंडांपासून सुरुवात केली. टायरवर आडवा खडू ओढायचा, गाडी थोडी उचलायची, थांबवायची आणि खडू कुठं पुसला ते बघायचं. चोवीसला मधला पुसला, कडा तशाच. एकेक पौंड उतरवत गेलो. अठराला सगळा खडू एकसारखा गेला. सोळाला कडा जास्त घासल्या आणि पिवळी रेघही जराशी तुटली. मग पुन्हा अठरा. गाडी न ओरडता निघाली. भाचीनं खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारलं, "घसरली का?" मी म्हटलं, नाही. तिला आतून कळलंच नव्हतं.

अठरा पौंडांवर टायर कसा दिसतो, ते सांगायला हवं. खाली फुगवटा येतो, बाजू लोंबल्यासारखी होते. मागचे दोन टायर टणक आणि पुढचे दोन बसलेले. माहीत नसलेल्या माणसाला वाटेल, पंक्चर आहे.

हे आम्ही गॅरेजच्या मालकाला सांगितलं होतं, मेस्त्रीला माहीत होतं, माझ्या दुकानातल्या माणसालाही. जवाईंना सांगायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. ते भाजीवाले, त्यांना कशाला, असंही कोणी म्हटलं नव्हतं. विषयच निघाला नाही.

मेळावा अकोल्यापासून दोन-अडीच तासांवर एका खाजगी जुन्या धावपट्टीवर होता. मी आदल्या दिवशीच बहिणीकडे मुक्कामाला गेले आणि पहाटे भाचीबरोबर निघाले. जवाई मंडईत माल उतरवून मागून पिकअप घेऊन येणार होते. येताना पाण्याचा ड्रम, जेवणाचे डबे आणि बहिणीनं सांगितलेल्या सतरा वस्तू. गॅरेजच्या मालकानं आधीच सांगून ठेवलं होतं, घरच्यांनी यावं, खावं, टाळ्या वाजवाव्या, पण गाडीला हात लावू नये. त्याच्या एका जुन्या गड्याच्या काकांनी कधी काय केलं होतं ते त्यानं तीनदा सांगितलं. मला त्यातलं काही आठवत नाही.

सकाळी मेस्त्रीच्या फेऱ्या झाल्या. पहिलीत तो जास्त घसरला, दुसरी चांगली गेली. पंधरा सेकंदांच्या थोडं आत. गाडीबाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा निवांत होता. मला म्हणाला, "मावशी, आता तुमच्या गादीवर बसवा गाडी." रेडियलला ते गॅरेजात गादी म्हणायला लागले होते.

आम्ही टायर बदलले. सावलीत हवा तपासली. दोन्हीकडे अठरा. रांगेत लावायच्या आधी पुन्हा एकदा बघायची, असं आमचं ठरलेलं होतं. मग भाचीला चालकांच्या सूचना ऐकायला बोलावलं आणि मी बाथरूमला गेले. बायकांची सोय धावपट्टीच्या पार दुसऱ्या टोकाला होती. बायका येतील असं बहुधा आयोजकांना शेवटच्या क्षणी सुचलं असावं. मी परत येत होते तेव्हा पुढच्या दोन गाड्या बिघडल्या म्हणून आमचा नंबर लवकर लागला होता. लांबूनच दिसलं, गाडी रांगेत सरकते आहे, भाची आत आहे, हेल्मेट घातलेलं. पुन्हा हवा बघायची राहिली.

हिरवा दिवा लागला. गाडी जागच्या जागी ओरडली, पुढून धूर निघाला, तोंड एकदा डावीकडे गेलं, मग उजवीकडे. तिनं पाय उचलला, गाडी सावरली, पुन्हा निघाली. तोवर शेजारची गाडी अर्ध्यावर होती. फलकावरची वेळ मी वाचली आणि सोडून दिली.

माझा पहिला विचार तिच्या पायाबद्दलच आला. पण कठड्याशी जाऊन मी जमिनीवरचे डाग पाहिले. रुंद, एकसारखे काळे पट्टे दिसायला हवे होते. चार-चार बोटांच्या दोन पट्ट्या होत्या. टायर नुसता मधोमध जमिनीला लागला होता. इतकी वर्षं मी हे डाग ट्रकांच्या घासलेल्या टायरवर वाचते आहे. हवा जास्त.

गाडी परत आली तशी मी मीटर लावला. बत्तीस. दुसऱ्या बाजूला बत्तीस. दोन्ही बाजूंना अगदी सारखी. ज्यानं भरली त्याचा हात सरावाचा होता.

मी मान वर केली. समोर जवाईंची पिकअप उभी होती, डबे उतरवलेले, आणि बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या पंपाची नळी ते गुंडाळत होते. लपवत नव्हते. काम झालं की माणूस नळी गुंडाळतो, तसे गुंडाळत होते.

मी जवळ गेले. काही विचारावं लागलं नाही.

"ताई, हवा म्या भरली," ते म्हणाले. "दोन्ही चाकं बसली होती. लेकराले बसल्या चाकावर कसा पाठवू?"

हे आधी सांगायला हवं होतं, आणि सांगायचं काम आमचं होतं. मी म्हटलं, "जवाईबापू, हवा मुद्दाम कमी ठेवली होती." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग धावपट्टीवरच्या डागांकडे. माणूस बुद्धीनं चलाख आहे. डाग आणि धूर दोन्ही त्यांनी पाहिले होते. हातातली नळी पुन्हा उलगडायला लागले, जणू भरलेली हवा त्याच नळीनं परत घेता येईल.

भाची हेल्मेट काखेत घेऊन आली. चेहरा पांढरा. तिला अजून वाटत होतं की आपलाच पाय चुकला. ती काही विचारायच्या आत जवाईंनी तिलाही तेच सांगितलं, त्याच शब्दांत. तिनं खाली वाकून स्वतः मीटर लावला, आकडा पाहिला आणि वाकलेलीच राहिली.

तेवढ्यात गॅरेजचा मालक आला. मेस्त्री मागून. मालकानं विचारलं, झालं काय, गाडीत काही बिघाड असेल तर ही फेरी धरणार नाही, पुन्हा मारता येईल. त्याच्या हातात ते होतं, फी भरून जादा फेरी मिळत होती. म्हणजे भाचीनं एवढंच सांगायचं होतं की हवा कोणी तरी बदलली. पण मग पुढचा प्रश्न आला असता, कोणी. आणि जवाई तिथंच, नळी हातात घेऊन उभे होते.

मी बोलणार होते. माझ्याच तोंडी ते शोभलं असतं. पण ती आधी बोलली.

"बिघाड नाई. सुटताना माझं चुकलं. एक फेरी हाय न अजून."

मालकानं खांदे उडवले. मेस्त्रीच्या तोंडावर ते आलं होतं. हिचा पाय. ते गेल्यावर ती वडिलांना म्हणाली, "बाबा, थो पंप मावशीजवळ द्या." आवाज चढवला नाही. त्यांनी दिला. मी तो पर्समध्ये घातला. पर्स बंद झाली नाही.

पुढची फेरी अर्ध्या-पाऊण तासानं होती. टायर तापलेले असताना हवा अठरावर आणली तर थंड झाल्यावर कमी भरते. म्हणून आधी टायर निवू द्यायचे होते आणि सूर्य गाडीच्या एकाच बाजूला होता. एक टायर सावलीत, दुसरा उन्हात. असं राहिलं तर दोन्हीकडची हवा सारखी होत नाही आणि सुटताना गाडी एका बाजूला ओढते. आडोसा लावायला काही नव्हतं. जवाईंच्या पिकअपमध्ये सांभार झाकायची ओली पोती होती. ते दोन घेऊन आले आणि थेट टायरवर टाकायला निघाले.

मी म्हटलं, "टायरले नका लावू. ओलं रबर धरत नाई. नुसतं आडवं धरा, ऊन अडवाले."

त्यांनी धरलं. गाडीशेजारी उकिडवे बसले, दोन्ही हात पसरून, पोत्याचा पडदा करून. पोत्यातून पाणी त्यांच्या चपलांवर गळत होतं. येणारे-जाणारे बघत होते. एका पोरानं मोबाइलवर फोटो काढला. मेस्त्री येऊन विचारून गेला, "काका, गाडीले ऊन लागून राहिलं का?" जवाई म्हणाले, "हो." आणि पोतं थोडं वर घेतलं, कारण सूर्य सरकला होता. भाची दुसऱ्या बाजूला टेकून पाणी पीत बसली.

हाताला टायर थंड लागले तेव्हा मी हवा उतरवली. आधी एक, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. अठरा आणि अठरा. पिवळी रेघ जागेवर होती. यावेळी मी बाथरूमला गेले नाही. रांगेच्या तोंडापर्यंत गाडीबरोबर चालत गेले आणि पुन्हा एकदा मीटर लावला. तिथला स्वयंसेवक म्हणाला, मॅडम, बाजूला व्हा. मी झाले.

तिनं रांगेपुढच्या पाण्यावरून चाकं थोडीशी फिरवली, रबर धूळ झटकून सुकेपर्यंत. रेडियलला जास्त तापवायची गरज नसते, ती तेवढ्यावर थांबली. दिव्यापाशी आली. पिवळा, पिवळा, हिरवा.

चांगली फेरी बघायला कंटाळवाणी असते. धूर नाही, आरडाओरडा नाही. गाडीचं तोंड किंचित वर आलं आणि ती गेली. शेजारची गाडी जास्त आवाज करत मागं राहिली. माझ्याजवळ उभे असलेले जवाई म्हणाले, "हळू गेली का?" त्यांना धूर दिसला नव्हता, म्हणून वाटलं काही तरी चुकलं. मी फलकाकडे बोट केलं. मेस्त्रीच्या वेळेपेक्षा दोन दशांश सेकंद कमी.

मेस्त्रीनंच तिला आधी हात दिला, हे सांगितलं पाहिजे. मालकानं किल्ली दिली आणि टायर उन्हात ठेवू नको असं बजावलं. मेस्त्री माझ्याकडे येऊन म्हणाला, "मावशी, मले बी एक गादी मागवा." मी म्हटलं, तुझ्या पायाला नायलॉनच बरं. तो हसला. त्याला ते पटलं नव्हतं.

पहिल्या फेरीत काय झालं, ते तिनं गॅरेजात आजवर सांगितलेलं नाही. तिथं अजून म्हणतात, पहिल्या फेरीत घाबरली होती. ती म्हणू देते.

परतताना मी पिकअपमध्ये बसले. बऱ्याच वेळानं जवाई म्हणाले, "ताई, अठराच?"

"अठराच."

"अन् फुटलं तं?"

मी सांगितलं, त्या गाडीत एकच माणूस असतो, फुलकोबीची पोती नसतात, आणि धावायचं पंधरा सेकंद. तुमच्या पिकअपला अठरा ठेवले तर फाटकाबाहेर निघायच्या आत टायर जाईल. त्यांनी एक ट्रक पुढं जाऊ दिला.

"मंग मले आधी सांगाले पायजे होतं."

"हो," मी म्हटलं.

तेव्हापासून प्रत्येक मेळाव्याला ते येतात. आल्या आल्या पंप माझ्या हातात देतात, देवळाबाहेर चपला काढाव्या तसा, आणि निघताना मागून घेतात, कारण पहाटे मंडईत जायला तो लागतो. पोती आणतात. सावली धरायचं काम त्यांचं, ते दुसऱ्या कोणाला करू देत नाहीत. मालकानंही आता त्यांना काही म्हणणं सोडलं आहे.

मागच्या मेळाव्यात मी मीटर त्यांच्याच हातात दिला आणि म्हटलं, तुम्हीच बघा. त्यांनी चष्मा लावला, वाकले, दोन्हीकडे लावून पाहिला. "अठरा," म्हणाले. "इकळे बी अठरा." मीटर मला परत दिला. मग सवयीनं अंगठ्यानं टायर दाबून पाहिला आणि तोंड वाकडं केलं.